विणेचा पहारा

जयमालाताईंनी लिहिलेल्या किशोर कादंबरीतली मुलगी अखंड हरिनाम सप्ताहात पहाऱ्याला उभं राहण्यासाठी वीणा मागते आणि म्हातारे तिला मंडपाबाहेर काढतात. पुस्तक वाचून नेवाशाजवळच्या गावात नववीतल्या निकितानं खरंच वीणा मागितली. ते ऐकून आलेल्या ताई मंडपात मागे धास्तावून उभ्या होत्या. "बाईमाणसानं वीणा घेतलेली न्हाई आपल्यात," कुणीतरी खेकसलं. विणेकरी सहादूबाबांनी तिकडं पाहिलंच नाही. "पोरी, तासभर उभं ऱ्हावं लागतं. वीणा खाली ठेवायची न्हाई. खांदा लई दुखतो." "तुमचा दुखतो का, बाबा?" "व्हय की." "मग द्या माझ्याकडं." बाबा हसले. त्यांनी वीणा तिच्या गळ्यात घातली. निकिता त्यांच्या पाया पडली. लगेच रीतीप्रमाणे, वीणा घेणाऱ्यात देव पाहून, ऐंशीचे बाबा वाकले आणि त्यांनी तिच्या धुळकट पावलांवर कपाळ टेकवलं. ताईंचे हात आपोआप जुळले. कादंबरीत एवढं लिहायचं त्यांना सुचलंच नव्हतं.