तोंड छताकडे

"आई, उठू नका," सून स्वयंपाकघरातून ओरडली. पाठोपाठ मुस्काटात बसल्याचा आवाज आला.

म्हातारी बाहेरच्या खोलीत उशीशिवाय उताणी पडली होती. आज सकाळीच तिच्या उरल्यासुरल्या एका डोळ्यात कुणा मेलेल्या भल्या माणसाच्या बुबुळाचा आतला थर बसवला होता, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्याला टाका नाही. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलेला, तोच थराला दाबून धरणार, म्हणून उद्यापर्यंत तोंड छताकडे. "थरावरच्या पेशी फार नाजूक," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "मेल्या त्या मेल्या, पुन्हा येत नाहीत. उठलात, धक्का लागला, की सगळं पाण्यात." म्हातारी म्हणाली होती, "छताकडे बघायला सांगताय आणि डोळ्यावर पट्टी बांधताय. नशीबच माझं." दुसरा डोळा तर केव्हाच कामातून गेला होता.

आत मुलाचं चालूच होतं. प्लंबर तो, हात लोखंडाचे. दवाखान्यातून निघताना कंपाउंडरने सुनेचं मनगट धरून थेंब कसे घालायचे ते दाखवलं, ते त्याला खुपलं होतं. "हसत होतीस त्याच्याशी," तो म्हणाला, आणि भांड्यांची अख्खी चळत खाली आली.

म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण मान तिने हलवली नाही. हा डोळा गेला तर पुढचं सगळं आयुष्य चाचपडत काढायचं होतं. पडल्या पडल्याच ती ओरडली, "अरे मेल्या, सोड तिला."

"आई, तुम्ही उठू नका," सून पुन्हा म्हणाली. या खेपेला आवाज घशात अडकत होता. "उठू न..."

मग आवाज बंदच झाला. नुसत्या टाचा फरशीवर आपटत होत्या. मुलगाही काही बोलत नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

म्हातारी उठली. डोळ्यात काहीतरी सरकल्यासारखं झालं, कळ थेट मस्तकात गेली. भिंत धरून धरून ती दारामागे पोचली. त्याची हत्यारांची पिशवी तिथेच असायची. पाईप फिरवायचा मोठा पाना तिने दोन्ही हातांनी उपसला.

"कुठे आहेस रे?" स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिने विचारलं.

"तू झोप आई," तो धापा टाकत म्हणाला. "आमच्यात पडू नकोस."

आवाज खालून आला. म्हणजे गुडघ्यांवर होता तो, सुनेच्या उरावर. आवाजाच्या जरा बाजूला, खांद्याच्या अंदाजाने म्हातारीने पाना हाणला. हाड मोडलेलं तिला हातात कळलं. तो किंचाळत वळला आणि त्याचा दुसरा हात फाडकन तिच्या पट्टीवर बसला. डोळ्यात नुसती आग उसळली. तिने पुन्हा हाणला. या वेळी अंदाजबिंदाज काही घेतला नाही. तो आडवा झाला आणि कण्हत राहिला.

खोकता खोकता सुनेला श्वास सापडला. "आई, डोळा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. म्हातारीच्या पट्टीखालून लालसर पाणी गळत होतं. "पडा आधी. उताण्या पडा. चिकटेल अजून."

"चिकटतोय कसला," म्हातारी म्हणाली, पण ऐकलं तिने. तिथेच, विखुरलेल्या भांड्यांत, पोटच्या पोरापासून हातभर अंतरावर ती फरशीवर उताणी झाली. तिला रडू येत होतं आणि रडायचीही चोरी होती. सुनेने तिचं डोकं दोन्ही तळव्यांत सरळ धरलं.

पाना म्हातारीने सोडला नव्हता. तो छातीवर आडवा घट्ट धरून ती म्हणाली, "मला दिसत नाहीये. तो हलला की सांग."