दोघींची रोझरी

विनी मारियामातेची मूर्ती छातीशी धरून दारात उभी राहिली, तेव्हा सालोमीनं आधी तिच्या मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"बाकीचे?" तिनं मूर्तीला विचारल्यासारखं विचारलं.

"मॅच आहे," विनीनं भिंतीला सांगितलं.

सालोमीचा नवरा इग्नेशियसही तिकडेच, शेजारच्या टीव्हीपुढे होता. ऑक्टोबरभर ही मूर्ती वाडीत घरोघर फिरायची, आणि जिथं जाईल तिथं सगळी वाडी जमून रोझरीची माळ म्हणायची. काल विनीकडे, आज सालोमीकडे. सकाळपासून घर झाडून, सतरंज्या घालून ठेवल्या, आणि रोझरीला आली कोण, तर नेमकी ही धाकटी जाऊ!

मे महिन्यात हिच्याच मुलीच्या लग्नात सालोमी आठवडाभर चुलीपुढे राबली होती. भात कमी पडेल, एवढंच ती म्हणाली. त्यावर विनी चारचौघांत फाडकन बोलली होती, "तुझी प्रेसिला बिनलग्नाची घरात बसलीय ना वयनी, म्हणून तुला जळतंय."

तेव्हापासून बोलणं बंद. फादर म्हणाले, प्रार्थना कर. ती करतच होती. पण डोळे मिटले की देवाच्या आधी ते वाक्य हजर. त्या वाक्याचा, विनीचा आणि आताशा प्रार्थनेचाही तिला वीट आला होता.

मेणबत्ती लावून दोघी गुडघ्यांवर बसल्या. रोझरीचे पाच भाग, म्हणजे पाच रहस्यं; प्रत्येकाआधी हेतू सांगायचा, मग दहा मण्यांवर दहा वेळा एकीनं 'नमो मारिये'चा अर्धा भाग म्हणायचा आणि दुसरीनं उरलेला पुरा करायचा, अशी रीत.

"पहिलं रहस्य," सालोमी म्हणाली. "ज्यांच्या जिभेला हाड नाही, त्यांना देवानं सुबुद्धी द्यावी म्हणून. नमो मारिये..."

विनीनं उरलेला भाग असा म्हटला की मेणबत्तीची ज्योत हलली. दुसरं रहस्य तिनं स्वतःच घेतलं.

"जी माणसं मनात धरून बसतात आणि देवापुढे भांडणं काढतात, त्यांच्यासाठी."

सालोमीच्या बोटांत मणी करकरले. शेजारून मॅचवाल्यांचा ओरडा आला. तिसऱ्या रहस्याला तिनं मनाशी असा टोला जुळवला, की विनी उठून चालतीच झाली पाहिजे. तोंड उघडलं, मूर्तीकडे पाहिलं, आणि तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

"माये," ती म्हणाली, "मला ते वाक्य विसरता येत नाही. पाच महिने तुला सांगतेय, हिला बदल, हिला बदल. हिचं राहू दे आता. माझ्या डोक्यातून तेवढं काढ. मला झोप हवीय गं. नमो मारिये..."

तिचा अर्धा भाग संपला. पलीकडून काहीच येईना. मग "पवित्र मारिये" आलं, दबक्या, फाटक्या आवाजात.

चौथं रहस्य विनीनं घेतलं. "प्रेसिलासाठी," एवढंच म्हणाली.

सालोमीनं उरलेला भाग धरला. राग अजून होता. शब्द मात्र अडखळत नव्हते. नमो मारिये, पवित्र मारिये. नमो मारिये, पवित्र मारिये. आणि मधेच विनी कण्हली.

"वयनी, गुडघे मेले माझे."

"एवढाही धीर नाही तुला!" सालोमी खेकसली आणि कॉटवरची उशी ओढून तिनं विनीकडे भिरकावली. विनीनं ती गुडघ्यांखाली घेतली, अर्धी तिच्याकडे सरकवली. सालोमीनं माळ चाचपली. मणी बोटांतून निसटला होता.

"बघ, चुकवलंस. कितवी चालली होती?"

"मला काय ठाऊक," विनी डोळे पुसत म्हणाली. "पहिल्यापासून घे."