फळीची वाईट बाजू

वखारीतल्या ओतूरकरांनी माझी अक्रोडाची फळी उलटी केली, तेव्हा मी ओशाळलो. तीस वर्षं ती घरात भिंतीला टेकून उभी होती आणि तिची मागची बाजू मी कधी पाहिलीच नव्हती.

“प्रत वाईट बाजूवरून ठरते, मास्तर,” ते म्हणाले. गाठी आणि किडीची भोकं वगळून त्यांनी खडूने स्वच्छ लाकडाचे चौकोन आखले. “अक्रोडाला नियम जरा सैल असतात, तरी ही पहिल्या प्रतीत बसत नाही. तिसरी प्रत. लहानसहान पेट्या करा. सलग टेबल विसरा.”

ते टेबल शकुंतलेला लिहायला हवं होतं. लग्नानंतर मीच कबूल केलं होतं. पण इतकं चांगलं लाकूड आपल्या हातून बिघडेल, या भीतीने मी कधी करवत लावली नाही. आता ती वर्षभर अंथरुणाला खिळून आहे.

“काय म्हणाले ओतूरकर?” घरी येताच तिने विचारलं.

खरं सांगायचा धीर झाला नाही. “पहिली प्रत म्हणाले.”

ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “म्हणजे आता तर तुम्ही कापणारच नाही.”