धक्क्यावरची पट्टी

“बारापर्यंत काय ते सांगा बाई,” बसवाल्यांचा मुकादम म्हणाला. “नंतर पूल बंद. पलीकडच्या काठालाही गाड्या हव्यात.”

आठ बस धक्क्यावर उभ्या होत्या. समुद्र अडवणाऱ्या भिंतीमागच्या वस्तीतली चारशे घरं हलवायची की नाही, हे एका सहीवर अडलं होतं आणि ती सही इंजिनिअरबाईंची होती. तीन वाजता उधाणाची भरती. त्यात वारा सकाळपासून पिसाळलेला.

बाईंचा जीव टांगणीला लागला होता. मागच्या वर्षी त्यांनीच वस्ती हलवली आणि पाणी आलंच नाही. त्या धावपळीत दोन आजारी माणसं मात्र बसमध्येच गेली. यंदा पहिल्याच गल्लीत त्यांची स्वतःची आई ऑक्सिजनवर होती. हलवली तर वाटेत काय होईल, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

त्या तडक वडिलांच्या खोलीत शिरल्या. धक्क्याच्या टोकाला ही खोली, आणि खाली खांबावर पाण्याची उंची दाखवणारी पट्टी. चौतीस वर्षं बाबा ती पट्टी वाचून भरती-ओहोटी वहीत लिहीत होते. घरात लग्न असो की अंगात ताप, एक दिवस खाडा नाही. ऑफिसातले लोक म्हणत, एकवेळ समुद्र रजा टाकेल, हे टाकणार नाहीत.

“बाबा, आजवरचं सगळ्यात जास्त पाणी?”

“दहा फूट आठ इंच.” त्यांना वही उघडावीही लागली नाही. “पहिल्या वर्षी तेच, गेल्या वर्षीही तेच. बाकीच्या बंदरांत म्हणे समुद्र वीतभर चढला. आपल्याकडे बोटभरही नाही.”

“आज वाऱ्यामुळे दहा इंच जास्त धरलेत.”

“म्हणजे साडेअकरा. भिंत बारा फुटांची. पट्टी बसवली त्याच वर्षी तिच्यावरून मोजून बांधलीय. घाबरतेस कशाला?”

सहा इंच उरत होते. खाडी आत वळलेली, त्यामुळे मोठ्या लाटा भिंतीपर्यंत पोचत नसत. हिशेब बसत होता. तरी बाईंचं पेन उचललं जाईना.

तेवढ्यात फोन वाजला. आईजवळ बसलेल्या काकू होत्या.

“अगं, गाड्या कधी येतायत? मला काही हे लक्षण बरं दिसत नाही. पूर्वी मोठ्या भरतीला भिंतीच्या दोन पायऱ्या कोऱ्या राहायच्या. हल्ली जेमतेम एक राहते.”

“काकू, तुम्हाला दरवर्षी असंच वाटतं.”

“वाटत नाही, मी तिथे कपडे वाळत घालते!”

बाबा हसले. “तुझ्या काकूला चष्म्याचा नंबर बदलायला सांग. वही खोटं बोलते का कधी?”

बाईही हसल्या. खूप दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं. चौतीस वर्षांच्या नोंदी एका बाजूला आणि काकूंच्या पायऱ्या दुसऱ्या. त्यांनी काकूंना सांगितलं, “आईला हलवू नका. खिडक्या लावून घ्या, मी पाचला येते.” मग कागदावर सही केली: वस्ती हलवण्याची गरज नाही.

मुकादमानं कागद घडी घालून खिशात टाकला. एकामागून एक आठही बस पुलावरून पलीकडे गेल्या. बाराच्या ठोक्याला पुलाचं फाटक पडलं आणि पोलिसांनी त्याला साखळी लावली.

बाबांनी थर्मासमधला चहा दोघांना ओतला. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. पाणी चढत होतं, पण आता ते पाहवत होतं.

“चौतीस वर्षं खाऱ्या पाण्यात,” त्या कौतुकानं म्हणाल्या, “आणि पट्टीवरचे आकडे बघा, कालच काढल्यासारखे.”

बाबांचा चेहरा खुलला. असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

“मेहनत आहे पोरी. दरवर्षी सगळ्यात मोठ्या ओहोटीला मी खाली उतरतो आणि जुना रंग पार खरवडून काढतो. मग पाणी जिथे टेकलेलं असेल तिथे नव्यानं शून्य काढायचा, आणि तिथून वर मोजत जायचं.”