संत्र्याची साल

हलक्या, कडवट उन्हाळी बिअरची स्पर्धा होती. ग्लासांवर नावं नव्हती, नुसते आकडे. सात नंबरचा घोट घेतला आणि परीक्षकाच्या जिभेवर संत्र्याची साल रेंगाळली. बिअरमध्ये साल घालायची ही खोड धाकट्या भावाचीच. भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्याने मन घट्ट करून चार गुण कापले.

सात नंबरचा पहिला क्रमांक दोन गुणांनी हुकला. पहिला आला धाकटा; तीन नंबरचा ग्लास त्याचा होता.

"दादा, यंदा साल घातलीच नाही," तो कानाशी पुटपुटला. "तू ओळखलं असतंस. तुझी पंचाईत नको."

इतक्यात सात नंबरची चिठ्ठी घेऊन एक बाई समोर आल्या.

"पहिल्यांदाच केली होती. साल जास्त झाली का हो?"

परीक्षकाने नजर चुकवली.

"हो," तो म्हणाला. "जराशी."