कडुलिंबाखालची प्रार्थना

जाग आली तेव्हा माझ्या गालावर गवताच्या काड्या उमटल्या होत्या आणि शिबिरातले बाकी सगळे जेवून उठले होते. ‘कडुलिंबाखाली पडून आपला श्वास ऐका, हीच प्रार्थना,’ असं सकाळी सांगितलं होतं. सगळ्यांनी ऐकलं ते माझं घोरणं!

शिबिर घेणाऱ्या सत्त्वशीलाताई ताट घेऊन आल्या, तशी मी रडकुंडीला आले. “वीस वर्षं चर्चच्या पाळकाची बायको म्हणून सगळ्यांचं करते. इथे प्रभूसाठी आले आणि झोपले!”

“एलीया संदेष्टा दमून झाडाखाली पडला, तेव्हा प्रभू त्याला रागे भरला?”

“नाही. झोपू दिलं,” मी पुटपुटले. “मग उठवून निखाऱ्यावरची भाकर खाऊ घातली.”

ताईंनी ताट पुढे सरकवलं. भाकरीला अजून वाफ होती.

ती सगळी खाऊन मी खुशाल पुन्हा आडवी झाले. एलीयानेही तेच केलं होतं.