नलिनीचं पुढं काय झालं

“नलिनीबाईंना आत घ्या, डॉक्टर. नाही, नाही, पुसू नका! पुसलं की सगळं पहिल्यापासून करावं लागेल.”

ज्ञानदा ओट्यावर मांडी घालून बसली होती. मांडीवर लॅपटॉप, कानाला हेडफोन. कासार आंबोलीतल्या तिच्या भाड्याच्या खोलीत डेटा कार्ड चालत नसे. रेंज यायची ती घरमालकांच्या ओट्यावर, तीही एका कोपऱ्यात. त्यामुळे तिचं ऑफिस तिथेच, आणि समोर तांदूळ निवडत घरमालकीण गंगूबाई.

दवाखान्यांतली कागदी टिपणं कॉम्प्युटरवर कशी ठेवायची, हे लांबूनच शिकवायचं तिचं काम. खानदेशातले डॉक्टर दयानंद हे तिचे पहिलेच विद्यार्थी. दोघांना एकच पडदा दिसायचा. तो सोडून कागदाकडे परतण्याची धमकी डॉक्टर रोज द्यायचे. ते परतले तर ज्ञानदालाही नोकरी सोडून उदगीरला घरी परतावं लागेल, असं कंपनीच्या साहेबांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

सरावासाठी तिनं चहा पिता पिता तीन पेशंट रचले होते. साखर वाढलेले एक आजोबा, खोकणारा एक मुलगा आणि स्तनात गाठ असलेली नलिनी.

फोन संपला तशी गंगूबाईनं विचारलं, “ती नलिनी कुटली गं?”

“कुठलीच नाही, मावशी. खोटी आहे. डॉक्टरांना सराव व्हावा म्हणून रचलीय.”

“आन् गाठ?”

“गाठही खोटीच.”

“दुकती का तिला?”

ज्ञानदाला हसू आलं. “नाही. दुखत नाही, असंच लिहिलंय मी.”

सुपातला हात जरा थांबला. मग गंगूबाईनं एक खडा उचलून अंगणात टाकला.

“हिचं आसंच हाय,” दारातून तिचे यजमान नथूकाका म्हणाले. “कीर्तनात रानी इकली गेली का ही घरी येऊन उपाशी. बुवा तकडं पोटभर जेवतोय, आन् हितं चूल थंड!”

“तुमाला काय कळतंय? बुवा रडिवतोय, पन शेवट ग्वाड करतोय. तवर बसाया लागतं मानसानं.”

“बसलीच हायेस की. आताशा हांडासुदिक मीच आनतोय.”

ज्ञानदाला मावशींचं कौतुक वाटलं. गोष्ट ऐकावी तर अशी. असा एक श्रोता पुढ्यात असला की बुवांच्याही गळ्यात देव उतरत असेल.

दुसऱ्या दिवसापासून मावशींचा एकच प्रश्न. “आज नलिनी आली व्हती का?”

“आजोबांचं नाही विचारत कधी?”

“त्येला काय धाड भरलीया?”

एकदा त्यांनी विचारलं, “घरात सांगितलंया का तिनं?”

ज्ञानदा गोंधळली. घरात सांगितलं का, असा रकाना तिच्या कॉम्प्युटरवर नव्हता. “सांगितलं असेल.”

“आसंल न्हाई. इचार तुज्या डाक्टरला.”

तिनं गमतीनं विचारलंही. डॉक्टर हसतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, “मॅडम, हे खरं तर डॉक्टरनं विचारायला हवं. हे लिहायला जागा करून द्या बुवा.” त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून, तिनं न सांगता, चार ओळी टाइप केल्या.

शुक्रवारी डॉक्टरांनी विचारलं, “पेशंट दगावला तर कुठं नोंदवायचं?”

समोर नलिनीचंच पान उघडं होतं. “हिलाच मारू या,” ज्ञानदा हसत म्हणाली. “इथं मृत्यू लिहा. इथं कारण. झालं, पान बंद.”

सूप ओट्यावर पालथं पडलं. तांदूळ पायरीपर्यंत गेले. ते न आवरताच गंगूबाई आत निघून गेली.

दुपारी ती जेवली नाही. रात्री नाही. सकाळी चहाला तोंड लावलं नाही.

नथूकाका ओट्यावर आले. “काय बोल्लीस गं तू हिला?”

“मी काही नाही बोलले, काका. नलिनी मेली.”

“कोन नलिनी? आमच्यातली हाय का?”

ज्ञानदानं सगळं समजावून सांगितलं. काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “म्हंजी जी न्हाईच, ती मेली. मंग ह्ये सुतक कसलं?”

ज्ञानदालाही कळेना. एवढं मनाला लावून घ्यायचं? पण अन्न सोडून बसलेल्या बाईच्या दारात तिला घास गिळवेना. तिनं डॉक्टरांना फोन लावला.

“डॉक्टर, नलिनीला उठवायचंय.”

“आता काय काढलंत?”

“आमच्या मावशी जेवत नाहीत.”

पलीकडून मोठ्यानं हसू आलं. पडद्यावरचा बाण मात्र लगेच हलला. डॉक्टरांनी बंद पान उघडलं, मृत्यूची नोंद पुसली, तपासणीची तारीख घातली, ऑपरेशन लिहिलं. कुठंही न अडखळता. शेवटी त्यांनी लिहिलं, प्रकृती उत्तम.

“जमलं की हो मला, मॅडम! कागदाची रद्दी आजच घालतो.”

नोकरी वाचली होती. ज्ञानदा तशीच आत धावली आणि मावशींना हाताला धरून बाहेर घेऊन आली. गंगूबाई अंगभर पदर घेऊन लॅपटॉपपुढं टेकली.

“हे बघा. डॉक्टरांनी गाठ काढली. नलिनी खडखडीत बरी झाली. आता तरी जेवाल?”

गंगूबाईला अक्षर येत नव्हतं. तरी ती पडद्याकडं बघत राहिली.

“खरी बाई बी अशी बरी हुती का गं?”

“होते ना. वेळेवर गेलं की होते. नलिनीची गाठ तीनच महिन्यांची होती.”

गंगूबाईनं गोठ्याकडं नजर टाकली. नथूकाका वैरण टाकत होते, पाठमोरे. तिनं ज्ञानदाचा हात धरला, पदराखाली नेला आणि डाव्या अंगाला दाबून धरला.

“माजीला दोन दिवाळ्या झाल्या, पोरी.”